पाणी थांबता कामा नये

१

अंबाडी नाक्यावर आमचं पंपांचं दुकान आहे. आमचं म्हणजे प्रितेशचं, माझ्या नवऱ्याचं. जानेवारीत, दुपारच्या जेवणानंतर, तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मी डबे धुऊन आले तेव्हा मला वाटलं, डोळा लागलाय. तेराव्याला बायका आपसात म्हणत होत्या, हिला रडवा कोणीतरी. मला रडू आलं नाही. पुढेही आलं नाही. पंधराव्या दिवशी मी दुकान उघडलं.

पंपाचं काम मला येतं. मोटारीचं वाइंडिंग भरण्यापासून जाळी साफ करण्यापर्यंत सगळं मी त्याच्या शेजारी बसून शिकले. आणि पंपाचं एक बरं असतं. तो बंद पडला तर त्याला काहीतरी कारण असतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वडप्याहून एका बाईंचा फोन आला. आवाज म्हातारा, पण घाई असलेला.

"पंपवालीच ना तू? आमच्या घरामागं तलाव हाय छोटा. त्याचा पंप बंद पडलाय. आजच ये."

"उद्या सकाळी येते, काकी."

"उद्या न्हाय. आज."

मी स्कूटरवर पेटी टाकली आणि गेले. हायवे सोडून आत वळलं की वडप्यात आता गोदामंच गोदामं आहेत. त्यांच्या मधोमध एक दुमजली बंगला उरला होता. तुळशीराम आणि धोंडूबाई, दोघंच राहत होते. भाताची शेतं गोदामांना दिलेली, मुलगा मनोज काल्हेरला फ्लॅटमध्ये. मागच्या अंगणात बारा फूट बाय आठ फुटांचं तळं होतं, निळ्या टाइल्सचं, तीन फूट खोल. पलीकडे कंपाउंडची भिंत, तिच्यामागे गोदामाची पत्र्याची पाठ. अलीकडे घराची मागची भिंत, दोन पायऱ्या आणि एक हिरवं दार. दाराला बाहेरून कडी.

पंप मी वर काढला. तळ्यात वापरतात तोच नेहमीचा, चाळीस वॉटचा, पाण्यात बुडवून ठेवायचा. जाळी साफ होती. आतला पंखा बोटानं फिरवला, तर मोकळा फिरला. पंख्याची दांडी शाबूत. व्होल्टेज बघितलं, दोनशे अठ्ठावीस. घासूनपुसून परत पाण्यात सोडला, तर कारंजं उडायला लागलं.

धोंडूबाई तोपर्यंत तळ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पाण्याचा आवाज आला तेव्हा त्या वळल्या.

"मासे किती आहेत?" मी विचारलं. माशांवर पंपाचं माप ठरतं.

"मासं न्हायत."

"मेले का?"

"नव्हतंच कदी."

कमळ नव्हतं, शेवाळसुद्धा नव्हतं. नुसतं पाणी होतं आणि ते सारखं हलत होतं.

२

चार दिवसांनी पंप पुन्हा बंद पडला. या वेळी मी तो दुकानात आणला, पाण्याच्या ड्रममध्ये सोडला आणि दिवसभर चालू ठेवला. एकदाही थांबला नाही. संध्याकाळी हात लावून बघितला, तर गारच होता.

अशा पंपात आत एक संरक्षण असतं. पाणी ओढायला अडथळा आला की पंप तापतो, तापला की आपोआप बंद होतो, गार झाला की पुन्हा चालतो. म्हणजे तळ्यात काहीतरी अडकत होतं आणि मी पोहोचेपर्यंत निघून जात होतं. बोअरच्या पाण्यातला क्षार असेल, पाला असेल. पण अंगणात झाड नव्हतं.

मी नवा पंप घेऊन गेले. धोंडूबाईंना समोर बसवून समजावलं. तळ्यात साधारण सात हजार लिटर पाणी, तासाभरात निम्मं तरी फिरायला हवं. ताशी साडेतीन हजार लिटरचा पंप पुरतो, पण कारंज्याची उंची धरली तर पाच हजारांचा घ्यावा. दांडी सिरॅमिकची असावी, वाइंडिंग तांब्याचं, आणि जाळी मोठी, म्हणजे लवकर तुंबत नाही.

"ह्यो बंद पडंल का?" त्यांनी विचारलं.

"कोणताही पंप कधीतरी बंद पडतोच, काकी."

"मग दोन बसव. एक बंद पडला की दुसरा चालू झाला पायजे."

"कारंज्यासाठी एवढं कशाला?"

"कारंजं गेलं खड्ड्यात. पानी थांबता कामा न्हाय."

तुळशीरामकाका पायरीवर बसले होते. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. मी पंप पाण्यात सोडताना ते माझ्या हातांकडे बघत होते. कुठं ठेवते, जाळी कोणत्या बाजूला येते, असं नीट बघत होते.

जाताना मी धोंडूबाईंना विचारलं, तळं बांधलं कोणी?

"क्षितिजानं. आमची पोर." त्या पदर सावरत म्हणाल्या, "मासं आनायचं होतं तिला. त्याआधी डेंगूनं गेली. दोन वर्सं झाली."

मी "हं" म्हटलं. पुढे काही विचारायला हवं होतं, पण मला सुचलं नाही. हल्ली मला असं होतं.

३

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही बहुतेक त्याच दिवशी काढतात. त्या शुक्रवारी सकाळी दहापासून वीज नव्हती. दुकानात बसून करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी दुसरा पंप आणि छोटा इन्व्हर्टर घेऊन वडप्याला गेले, न सांगता.

घराला वळसा घालून मागे आले. तळ्याच्या काठावर धोंडूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. हातात लांब बांबू. तो त्या पाण्यात गोल फिरवत होत्या, भाताचं आधण ढवळतात तसा. डोळे मिटलेले. पदर घामानं भिजला होता. त्यांच्या तळहाताला चिंधी बांधली होती.

"काकी?"

"आलीस व्हय." हात थांबला नाही. "दहापासून चाललंय. आता खांदा भरलाय."

"कशासाठी पण?"

मी बांबू त्यांच्या हातातून घेतला, का घेतला मला माहीत नाही, आणि ढवळायला लागले. त्या आत जाऊन पाणी पिऊन आल्या. मी इन्व्हर्टर जोडला, तरी पंप घरघरला आणि थांबला. म्हणून मी तो वर ओढला.

जाळीच्या खालच्या बाजूला, जिथं वरून दिसत नाही तिथं, पांढऱ्या कापडाचा बोळा कोंबलेला होता. धोतराचा तुकडा. नीट घडी करून, बोटानं आत दाबलेला.

धोंडूबाईंनी तो बघितला. त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली.

"ओ. बाहेर या."

तुळशीरामकाका घराला वळसा घालून आले. कापड माझ्या हातात होतं. त्यांनी ते बघितलं आणि खाली मान घातली.

"बटन सैपाकघरात हाय," धोंडूबाई मला म्हणाल्या, "तितं मी बसते. म्हनून असं."

त्या आत गेल्या. मी बोळा फेकून दिला आणि पंप पाण्यात सोडला. इतकंच होतं तर, असं मला वाटलं. दोन म्हातारी माणसं, मेलेली मुलगी, आणि तिच्या तळ्यावरून भांडण. कारण सापडलं होतं.

४

पुढच्या मंगळवारी काकांचा फोन आला. ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होते.

"ही दवाखान्यात गेलीय मनोजबरोबर. दोन तासांनी येईल. तू ये. तुला एक दाखवायचं हाय."

मी गेले. त्यांनी मला तळ्याच्या पलीकडच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. मग आत जाऊन बटण बंद केलं. कारंजं खाली बसलं. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. दुपारचे साडेबारा, वारा नव्हता. गोदामाच्या पुढच्या बाजूला कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची टुकटुक ऐकू येत होती.

पाणी थांबायला किती वेळ लागतो याचा मी कधी विचार केला नव्हता. आधी वलयं मोठी होतात, मग ती काठाला टेकून परत येतात, मग नुसता थरथरता पातळ पडदा राहतो. मग तोही थांबला.

पाण्यात घराची मागची भिंत उलटी दिसायला लागली. पायऱ्या, खिडकीची जाळी, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. हिरवं दार.

दार उघडं होतं. वीतभर.

मी वर बघितलं. समोरचं दार बंद होतं, बाहेरून कडी लावलेली. पुन्हा पाण्यात बघितलं. वीतभर उघडं, आणि मधली फट काळी.

मी एक पाऊल डावीकडे सरकले, मग उजवीकडे. खाली बसून बघितलं. पाण्यात गोष्टी वाकड्या दिसतात, हे शाळेत शिकलेलं आठवलं. पण खिडकी वाकडी दिसत नव्हती, टॉवेल वाकडा नव्हता. मी पुढे जाऊन खऱ्या दाराची कडी हातानं हलवून बघितली. घट्ट होती. परत येऊन बघितलं.

"पहिल्यांदा बोटभर होतं," काका हळू आवाजात म्हणाले. "ती गेल्याच्या म्हयन्याभरानं पंप बिघडला, तवा दिसलं. दर खेपेला थोडं जास्त."

"आणि आत?"

"अजून न्हाय दिसत." त्यांचे डोळे पाण्यावरून हलत नव्हते. "येतेय ती. येळ लागतोय."

मी घाबरायला हवं होतं, हे मला तिथं उभी असतानाही कळत होतं. मला फक्त उन्हाचा चटका जाणवत होता, आणि प्यायला पाणी हवं होतं.

५

काकी आल्या तेव्हा पंप चालू झालेला होता. पण त्यांना कळलंच. बहुधा टाइल्सवर कारंज्याचे शिंतोडे वाळलेले दिसले असतील. त्या मला गाडीपर्यंत सोडायला आल्या.

"तूही बघितलंस."

"हो."

"किती उघडं होतं?"

मी हातानं वीत दाखवली. त्या बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"काकी, क्षितिजा असेल तर..."

"तूच सांग बाय. तुजा मानूस घरात कसा यायचा? चपलेचा आवाज, खोकला, किल्लीचा आवाज. तुला आतून कळायचं ना, तोच हाय म्हनून?"

"कळायचं."

"क्षितिजा दार ढकलून यायची. भिंतीवर आपटायचं. बाप वरडायचा तिला, पोपडे गेले म्हनून. ती असं दार उघडत न्हाय." त्यांनी हाताच्या चिंधीची गाठ घट्ट केली. "हे जे कोन उघडतंय, त्याला दार उघडायचं म्हायती न्हाय. शिकतंय ते."

दुकानातून सामान आणून मी त्याच दिवशी दोन्ही पंप बसवले. एक बंद पडला की दुसरा आपोआप चालू होईल अशी जोडणी केली, जाळ्यांभोवती स्टीलचे पिंजरे केले आणि त्यांना कुलपं लावली. किल्ल्या काकींना दिल्या. माझ्याकडचं सगळ्यात भरवशाचं काम होतं ते.

मी स्कूटरवर बसले तेव्हा काका फाटकापर्यंत आले होते. "तू तरी समजशील असं वाटलं," ते म्हणाले. "तुझाबी गेलाय म्हनून."

६

दहा दिवस फोन आला नाही. मग काकांचा आला. आवाज मोकळा, जवळजवळ आनंदी.

"पंप घेऊन जा तुझे. आता नको."

"काकी कुठं आहेत?"

"मनोजकडं, काल्हेरला. डोळ्याचं ऑपरेशन झालं तिचं. आठ दिस तितंच हाय."

मी गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मागच्या अंगणात दोन्ही पंप काठावर ठेवलेले होते, पिंजरे करवतीनं कापलेले. तळं स्थिर होतं. काका खुर्ची टाकून बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची, रिकामी. मधल्या स्टुलावर चहाचे दोन कप, एक रिकामा, एक साय धरलेला. दहा दिवसांत ते अर्धे झाल्यासारखे दिसत होते. सदऱ्याची कॉलर मानेपासून लांब उभी होती.

"आली," ते म्हणाले.

मी पाण्यात बघितलं. दार सताड उघडं होतं. आत काळोख होता आणि दारात कोणी नव्हतं.

खरं दार बंद होतं, पण कडी निघालेली होती.

आणि घरातून आवाज येत होता. झाडण्याचा. खराट्याचा नाही, घरातल्या मऊ केरसुणीचा. सर्र, सर्र, सर्र. मी ऐकत उभी राहिले. झाडणारं माणूस पुढे सरकतं, कोपऱ्यात आवाज बदलतो, मध्ये सुपली घ्यायला थांबतं. हा आवाज बदलत नव्हता. एकाच जागेवर, एकाच मापानं, चालूच होता.

"सोमवारपासून झाडतेय," काका म्हणाले. "मी म्हनलं, पोरी, बस जरा. बसत न्हाय."

"बोलली काही?"

"न्हाय."

"जेवते?"

त्यांनी सायीच्या कपाकडे बघितलं.

"काका, ती क्षितिजा आहे का?"

आत झाडणं चालू होतं.

"आता कोन हाय ते इचारून काय करू," ते म्हणाले. "आनली मी."

मग त्यांनी रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. "बस. पानी थांबलंय. कुनाला ठाऊक, तुझ्यासाठीबी कोन येईल."

मी बसले. खोटं कशाला सांगू, मी बसले. प्रितेशचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. त्याचा खिळ्याला टांगलेला निळा शर्ट आठवला, त्याच्या खिशातला टेस्टर आठवला. चेहरा आला नाही. पाण्यातलं ते उघडं दार समोर होतं, आणि मला त्याच्याबद्दल ना ओढ वाटली, ना भीती. थोड्या वेळानं मी उठले, पंप उचलला, पाण्यात सोडला आणि प्लग लावला. मी तिथं नेहमी पंप लावायलाच जायची, म्हणून लावला. दुसरं कारण मला सांगता येत नाही.

कारंजं उडालं. पाण्यातलं घर फुटलं.

आतलं झाडणं थांबलं. पाच-सहा श्वास घेण्याइतका वेळ गेला. मग ते पुन्हा सुरू झालं, दुप्पट वेगानं.

७

मी काकींना फोन करून सगळं सांगितलं.

"आनि तू पंप लावलास," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो. पाणी थांबू द्यायचं नाही ना."

"ते आत होतं तवर. आता बाहेर आलंय ना ते? मग परत जानार कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोज त्यांना सोडून कामावर गेला. त्याला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की घरची आठवण येते. डोळ्यावर काळा चष्मा होता. मी फाटकाशी थांबले होते. आम्ही बाजूनं मागे गेलो. झाडण्याचा आवाज अंगणातसुद्धा ऐकू येत होता. काका रात्रभर बाहेर बसलेले दिसत होते.

"घरात पाय ठेववत न्हाय," ते बायकोला म्हणाले. माफी मागितल्यासारखा आवाज होता.

काकी त्यांच्याशेजारी खाली टाइल्सवरच बसल्या. काकींनी त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

"पानी थांबवू," त्या म्हणाल्या. "दार उघडं ठेवू. आलं तसं जाईल."

"एकटी जात न्हाय ती," काका म्हणाले. "मी काल सांगून बघितलं. मी तळ्यापर्यंत आलो तर माज्यामागं दारापर्यंत येते, मी थांबलो की थांबते." काकांनी आपला चष्मा काढून खिशात ठेवला. "मी सोडून येतो तिला."

"तुमी कशाला?"

"आनलीय मी."

लेकीला सासरी पोहोचवून येतो म्हणावं, इतक्या साधेपणानं ते बोलले. काकींनी त्यांचा हात धरला आणि मग सोडला. त्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. मनोजला बोलवा, थांबा, असं काहीही. मी प्लग काढला.

आम्ही दोघी तळ्याकडे पाठ करून बसलो, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून. गोदामाच्या पत्र्याला गंज चढला होता. एका जागी कोणीतरी खडूनं गाडीचा नंबर लिहिला होता, तो मी वाचत राहिले. मागे पाणी हळूहळू शांत झालं. काठाला लागणारी चुळचुळ थांबली. मग हिरवं दार उघडल्याचा आवाज आला, सताड, आणि आतून काकांचा आवाज, अगदी सहज.

"चल पोरी."

झाडणं थांबलं.

त्यांच्या चपला पायरीवर वाजल्या. एक, दोन. मग टाइल्सवर. त्यांच्यामागे पावलांचा आवाज नव्हता. केरसुणीचा होता. सर्र. थांबून, सर्र. अंगणातून आमच्याकडे येत होता. काकींनी माझं मनगट पकडलं होतं, त्यांची नखं रुतत होती. आवाज आमच्या पाठीशी आला आणि थांबला. इतक्या जवळ, की मला वाटलं आता ती केरसुणी माझ्या पदराला लागेल. कसलाच वास नव्हता. कोणी श्वास घेत नव्हतं. फक्त काका घेत होते, जोरात, जिना चढून आल्यासारखे.

मग त्यांचाही श्वास ऐकू येईना.

पाण्याचा आवाज झाला नाही. थेंबाचासुद्धा नाही.

मी वळले. अंगण रिकामं होतं. केरसुणी काठावर पडली होती. पाणी आरशासारखं होतं, आणि त्यात हिरवं दार मिटत चाललं होतं. मी त्या फटीत एक पांढरी बाही बघितली. बाहीवर एक हात होता. त्यानं बाही धरलेली नव्हती. कसं धरतात ते माहीत नसल्यासारखा तो बाहीवर नुसता ठेवलेला होता, तळवा पालथा, बोटं सगळी सारख्या लांबीची.

दार लागलं.

"किती उघडं हाय?" काकी न वळता म्हणाल्या.

"बंद आहे."

त्या बसून राहिल्या. सूर्य गोदामाच्या पत्र्यावर आला. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

"लाव पंप," त्या म्हणाल्या.

"काकी, काका अजून..."

"म्हायती हाय मला. लाव."

मी लावला.

८

मनोजनं संध्याकाळी पोलिसांत खबर दिली. लोकांनी तळं उपसलं, माझ्याच दुकानातला चिखलाचा पंप लावून. तीन फूट पाणी, वीस मिनिटांत तळ दिसला. टाइल्स स्वच्छ होत्या. गोदामाच्या मागचा नाला बघितला, हायवेच्या पुलाखाली बघितलं. फोटो भिवंडी, कल्याण, सगळीकडे पाठवले.

काकी मनोजकडे राहायला गेल्या नाहीत. तळं उपसल्याच्या रात्री त्यांनी स्वतः नळी लावली आणि सकाळपर्यंत भरून घेतलं. आता तिथं चार पंप आहेत, दोन बॅटऱ्या आहेत आणि जनरेटर आहे. मनोजला वाटतं, आईचं डोकं फिरलंय. त्याची बायको करिष्मा एकदा मला फोनवर म्हणाली, ताई, तुम्ही त्यांना नाही का म्हणत नाही? मी म्हटलं, त्यांना पंप हवेत, मी पंप विकते.

काका गेले त्याच आठवड्यात हवालदार माझा जबाब घ्यायला दुकानात आले होते. वयस्क गृहस्थ होते, घाई नव्हती. चहा घेतला. तुम्ही तिथं किती वाजता पोहोचलात, म्हातारे कसे दिसत होते, नवरा-बायकोत भांडण होतं का, सगळं विचारून लिहून घेतलं.

"ते दिसेनासे झाल्यावर पंप कोणी चालू केला?"

"मी."

"का?"

"काकींनी सांगितलं म्हणून."

"चालू करायच्या आधी तळ्यात बघितलंत? काही दिसलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "दार बंद होतं."

त्यांनी तेही लिहून घेतलं. कोणतं दार, ते त्यांनी विचारलं नाही.